चौथ्या दिवसाची ज्वारी

मार्च लागला की मला दोन वास एकदम येतात. एक कोऱ्या पुरवण्यांचा आणि दुसरा आंबत चाललेल्या ज्वारीचा. पहिल्याचं कारण सरळ आहे. सुरतेतल्या एका मराठी शाळेत मी शिकवते आणि दहावीच्या परीक्षेत दर वर्षी माझी वर्गावर देखरेखीची नेमणूक होते. दुसऱ्या वासाला मात्र आता काही आधार उरलेला नाही. मी कामरेजच्या बाजूला एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहते. इथे कोणी ज्वारी भिजत घालत नाही, आणि घातलीच तर जिन्यात वास येतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडेल. तरीही पोरं खाली माना घालून लिहीत असतात, वरचा पंखा कुरकुरत असतो, आणि मला भर वर्गात तो वास येतो. मग मी उगाच दोन बाकांमधून एक चक्कर मारून येते. पोरांना वाटतं, बाई कॉपी शोधतायत.

आम्ही तेव्हा गोडादऱ्यात राहायचो. एकाला एक लागून खोल्या, मधून अरुंद गल्ली, आणि सगळ्यांना मिळून एक अगाशी, म्हणजे गच्ची. गल्लीत बहुतेक खानदेशची माणसं. पुरुष लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळीला, आणि बायका घरी साड्यांचे धागे कापायच्या. साड्यांचे गठ्ठे यायचे, मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने साफ करायचे, घडी घालून परत द्यायचे. दिवसभर गल्लीत कात्र्यांचा कटकट आवाज. मार्चमध्ये मात्र त्या कात्र्या दुपारच्या बंद व्हायच्या, कारण वाळवणाचे दिवस सुरू व्हायचे. आज हिचे बिबडे, उद्या तिच्या कुरडया. एकीच्या घरचं वाळवण म्हणजे सगळ्या गल्लीचे हात. आणि परीक्षाही तेव्हाच, त्यामुळे अभ्यास करणाऱ्या सगळ्या पोरांची रवानगी अगाशीवर. पुस्तक एका हातात, दुसऱ्या हातात कावळे हाकायला काठी. भूमितीची सगळी प्रमेयं मी कावळ्यांच्या साक्षीने पाठ केलेली आहेत.

बिबडे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांना ते समजावून सांगणं अवघड आहे. ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजवायची, रोज पाणी बदलायचं. मग ती दळून, तीळ-जिरं-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि ते गरम पीठ ओल्या हाताने जुन्या धोतरावर पातळ थापायचं. वाळलं की कापड उलटं करून पाणी शिंपडायचं आणि एकेक बिबडा सोडवायचा. सगळ्यांची ज्वारी तीन दिवस भिजायची. माझ्या आईची चार दिवस. तिला आंबट लागायचे. आमच्या शेजारची सिंधूकाकू तिला त्यावरून दर वर्षी चिडवायची. "शोभा, तुना बिबडा म्हंजे चिंच शे चिंच. जीभ वाकडी व्हई जास." आई हसायची आणि म्हणायची, "तुले कोन सांगस खावाले." आणि सिंधूकाकू तेच आंबट बिबडे पदरात घालून न्यायची. गल्लीत माझ्या आईची तिच्याइतकी सलगी दुसऱ्या कोणाशीच नव्हती.

माझ्या दहावीच्या वर्षी आईने ज्वारी भिजत घातली, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. सकाळी ज्वारीचं पाणी बदललं, हात पुसले, म्हणाली छातीत कसंतरी होतंय. सिंधूकाकूने रिक्षा आणली. दवाखान्याच्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आई छत्तीस वर्षांची होती. मी आज चाळिशीला आले आहे, म्हणजे माझ्या आईपेक्षा मोठी झाले आहे. हा हिशेब अजूनही माझ्या डोक्यात नीट बसत नाही.

पहिला पेपर दहाव्या दिवशी होता. म्हणजे आईच्या दहाव्याच्याच दिवशी.

तापीकाठी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीपाशी गेले तर ज्वारीचं घमेलं तिथे नव्हतं. मला का कोण जाणे, आई गेली हे तेव्हा खरं वाटलं. मी सिंधूकाकूला विचारलं, "आईची ज्वारी कुठाय?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फेकी दिनी. सुतकना घरमा कोन ठेवस." तिचंही बरोबर होतं. आमच्यात ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी त्या वर्षी वाळवण घालत नाहीत. आणि सिंधूकाकू सुतक, विटाळ, अमावस्या या बाबतीत सगळ्या गल्लीची कायदेपंडित. पण मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी तिने आणलेलं ताट तसंच परत केलं. आईने शेवटचा हात ज्याला लावला ते हिने गटारात ओतलं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. नंतर खूप वर्षं राहिलं.

गावाहून आत्या आली, माझ्या वडिलांची, आबांची, मोठी बहीण. तिने रीतीप्रमाणे रडून घेतलं आणि मग विषय काढला. दहाव्याला पोरीला गावी न्यायची. आणि नंतरही तिथेच ठेवायची, कारण बारा तास कारखान्यात असणारा बाप वयात आलेली पोर कशी सांभाळणार. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही येते. आत्या वाईट नव्हती. तिच्या गावातल्या कितीतरी पोरींची परीक्षा अशीच पुढच्या वर्षावर गेली होती आणि मग ते पुढचं वर्ष आलंच नव्हतं, आणि त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. आबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. माझे आबा मुळातच कमी बोलणारे. दिवसभर लूमच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसांची बोलायची सवयच मोडते. ते एकदा बहिणीकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मी माझी पिशवी भरायला घेतली होती. हॉलतिकीट तिच्यात ठेवावं की नाही, एवढाच प्रश्न मला पडला होता.

तेव्हा सिंधूकाकू आत आली. सुतकाच्या घराचा उंबरा ती एरवी गरजेपुरताच ओलांडायची, पण त्या दिवशी ती सरळ येऊन भिंतीला पाठ लावून बसली. "ताई," ती आत्याला म्हणाली, "पोरले आठे राहू द्या. तिना पेपर शेतस. आम्ही देखसूत." आत्या म्हणाली, "तुम्ही किती दिवस बघाल?" सिंधूकाकू म्हणाली, "तुम्ही दिवस सांगा." मागे दारात गल्लीतलीच लतामावशी उभी होती. तिचा नवरा रेल्वेत होता, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. ती म्हणाली, "आमच्यात काही सुतकबितक नाही. मी उद्यापासून हिच्यापाशी झोपायला येते." आबा तेव्हा तोंडावर हात घेऊन खाली बसले. दोन दिवसांनी ते मला न घेता आत्याबरोबर भुसावळच्या गाडीने गेले. मी राहिले.

आणि मग ते दिवस सुरू झाले, ज्यांना मी अजून नाव देऊ शकलेले नाही. जेवणाची पाळी लागली. सकाळ एका घरची, संध्याकाळ दुसऱ्या घरची. कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं, तरी कधी दोन ताटं आली नाहीत आणि कधी एकही आलं नाही असं झालं नाही. धागे कापायचं काम बायकांनी उचलून अगाशीवर नेलं, मला खाली कात्र्यांचा आवाज नको म्हणून. टीव्ही बंद. एका घरी पाहुणे आले आणि मोठ्याने हसले तर समोरच्या खिडकीतून कोणीतरी माझं नाव घेऊन नुसतं "नंदाना पेपर शे" म्हणालं, आणि ते पाहुणे बिचारे उरलेला सगळा वेळ कुजबुजत बोलले. आबांच्या कारखान्यातल्या जोडीदाराने त्यांचे लूम आपल्या लूमबरोबर चालवले, आबा परत येईपर्यंत. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या पेपरच्या सकाळी प्रत्येक दारातून एकेक बाई हातात वाटी घेऊन उभी. दही-साखर. एकीचं खाल्लं आणि दुसरीचं नाही, असं कसं चालेल? गल्लीच्या टोकापर्यंत मी अकरा चमचे दही-साखर खाल्लं. मराठीचा निबंध मी पोटात कळ दाबून लिहिला आहे. लिहिताना घड्याळ बघितलं तर साडेअकरा झाले होते. तिकडे गावी नदीकाठी पिंड ठेवला असेल, कावळ्याची वाट बघत सगळे उभे असतील. आणि इकडे आईच्या एकुलत्या एक पोरीच्या हाताला पेनाची शाई लागत होती. मी एक ओळ खोडली आणि पुढे लिहायला लागले. इतकं कोरडं मन माझं कुठून झालं, याची मलाच भीती वाटली.

त्या सगळ्या दिवसांत माझ्यासमोर कोणी आईचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. मी जिना चढले की वरचं बोलणं थांबायचं. आईची साडी दोरीवरून गेली, तिची कात्री खुंटीवरून गेली, दारामागचा तिचा आरसाही कोणीतरी उचलून ठेवला. बायका एकमेकींना भलतेसलते विषय काढून द्यायच्या. अगाशीवर पाण्याची मोठी टाकी होती. धागे कापता कापता एकेकजण उठायची, टाकीमागे जायची, आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन परत यायची. मी समजायचे, मिसरी लावायला जातात. मला वाटायचं, यांची मिसरी चालू, वाळवण चालू, आणि माझी आई आठ दिवसांत पुसली गेली. मी मनात म्हणायचे, बघालच तुम्ही, मी पण रडून दाखवणार नाही.

आणि खरंच रडले नाही. गल्लीत माझं कौतुक व्हायचं. पोर मोठी कणखर आहे हो.

सिंधूकाकू रोज पेपरला निघताना मला दारात अडवायची. गॅसवर भाजलेला एक बिबडा हातात द्यायची. "खाई ले. उपाशी जाऊ नको." मी खायचे, कारण भूक असायची, आणि राग असला तरी पंधरा वर्षांच्या पोरीला भूक लागतेच. त्या वर्षीचे तिचे बिबडे आंबट झाले होते. आमच्या गडबडीत हिच्या ज्वारीला एक दिवस जास्त झाला असेल, असं मला वाटलं. तेवढंच. बिबडा चावत चावत मी शाळेच्या रस्त्याला लागायचे आणि वळणावर तो संपायचा.

आबा तेराव्यानंतर परत आले. माझ्या वेण्या घालायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. लूमवर तुटलेला धागा क्षणात जोडणारा माणूस, पण केसांची गाठ त्यांना जमेना. तोंडात रिबीन धरून ते घाम येईपर्यंत खटपट करायचे, आणि एक वेणी कानावर, एक मानेवर अशी मी निघायचे. जिन्याच्या खालच्या पायरीवर लतामावशी फणी घेऊन बसलेली असायची. ती वेण्या सोडून परत घालायची आणि म्हणायची, "आबांना सांगू नको हं." संध्याकाळी आबा माझ्या वेण्या बघायचे. त्यांना कळत असणार. एकदा ते म्हणाले, "आज बऱ्या बसल्या." मी म्हणाले, "हो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तितक्याच मनापासून वाकड्या वेण्या घातल्या.

शेवटचा पेपर झाला. मी घरी येताना ठरवत आले होते की आज कोणीतरी बोलेल. आज आईचं नाव निघेल, मग मी काय करेन ते करेन. गल्लीत बायकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कोणी विचारलं, पेपर कसा गेला. कोणी सरबत दिलं. सिंधूकाकू माझ्यासमोर थोडा वेळ उभी राहिली, तिचे ओठ हलले असं मला वाटलं, आणि मग ती म्हणाली, "दमनी व्हशी. झोप." आणि ती गेली. अक्षय्य तृतीया आली, आमची आखाजी. आबांनी आईच्या नावाने घागर पूजली, ती आम्ही दोघांनीच. निकाल लागला, मी पास झाले. पुढे शिकले, मास्तरीण झाले, लग्न झालं. आबा गेले. गल्लीतली माणसं चारी दिशांना पांगली. आईचं नाव निघायचं ते राहूनच गेलं. आणि माझं रडणंही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. एक हसतमुख बाई पडद्यावर चित्रं दाखवून मुलांना कणखर कसं करावं ते सांगत होत्या. पालकांनी काय बोलावं, काय टाळावं, किती वेळ द्यावा. मी सगळं वहीत उतरवलं, सवय आहे. त्या म्हणाल्या, कोणाला काही सांगायचंय? मला सांगायचं होतं की माझ्या बापाला यातलं काहीही येत नव्हतं. त्याला वेणी येत नव्हती. त्याने मला वाढवलं ते जिन्याच्या खालच्या पायरीवर कोणीतरी फणी घेऊन बसत होतं म्हणून. पण हे सांगितलं असतं तर पुढे राग पण सांगावा लागला असता. ज्यांनी उभं केलं त्यांच्यावरच मनात धरलेला पंचवीस वर्षांचा राग असा चारचौघांत कसा काढायचा. मी वही मिटली. घरी आले, लिफ्टमध्ये दोन शेजारी होते, आम्ही तिघंही आकड्यांकडे बघत वर गेलो. माझ्या मुलीला उद्या काही झालं तर या मजल्यावरच्या कोणत्या दारातून ताट येईल, ते मला सांगता येणार नाही. माझ्या दारातून तरी कोणाकडे जाईल का, तेही नाही.

परवा लतामावशीचा फोन आला. ती आता मुलाकडे भुसावळला असते. म्हणाली, "सिंधू फार थकलीय गं. चलथाणला मुलाकडे आहे. माणसं ओळखत नाही. जाऊन ये एकदा." मी म्हणाले, पेपर चालू आहेत. ती म्हणाली, "तुझे पेपर कधी संपायचे, नंदा." तिने सहज विचारलं होतं, पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरचे गठ्ठे जमा करून मी तशीच बसमध्ये बसले.

सिंधूकाकू खिडकीपाशी खाटेवर होती. इतकी लहान झाली होती की चादरीखाली माणूस आहे की नाही कळू नये. सून म्हणाली, "त्या कोणाला ओळखत नाहीत. मनाला लावून घेऊ नका." मी स्टूल ओढून बसले. काकूने डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"शोभा," ती म्हणाली. "उनी का तू."

मी मागे वळून बघितलं. मग मला कळलं. मी आईसारखी दिसते असं मला सांगणारं आता कोणी उरलेलं नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांनी कोणीतरी माझ्यासमोर आईचं नाव काढलं होतं.

"उनू," मी म्हणाले. ही बोली, नुसतं ‘आले’ म्हणण्यापुरतीसुद्धा, माझ्या तोंडात कित्येक वर्षांत आली नव्हती.

तिने माझं मनगट धरलं. "तुनी जवारी मी फेकी नई व्हती," ती हळूच म्हणाली, सुनेने ऐकू नये अशा बेताने. "सुतकनी व्हती, तरी घर लई उनू. कोनले सांगं नई. चार दिन पुरा भिजाडी, तू भिजाडस तशी. बिबडा करात. पोरले रोज एक दिना, पेपरले जातांना."

शाळेच्या रस्त्यावरचं ते वळण माझ्या डोळ्यांसमोर आलं. तोंडात ती आंबट चव आली. रोज एक बिबडा, शेवटच्या पेपरपर्यंत. मी आईच्या हातचं खाऊन पेपर लिहीत होते आणि मला ते माहीत नव्हतं. सगळ्या गल्लीला सुतक शिकवणाऱ्या बाईने सुतकाची ज्वारी स्वतःच्या चुलीवर शिजवली होती.

"पोरले का बरं नई सांगं?" मी विचारलं.

"रडती ना ती. रडती ते पेपर कशी लिखती?" तिने माझं मनगट आणखी जवळ ओढलं. "मीच सांगं सम्दासले, पेपर सरस तवलगून शोभानं नाव काढू नका. आम्ही टाकीमांगे जाईसन रडूत. पाळी लाईसन." तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी उशीवर गेलं. "मंग सांगानं राही गयं वं, शोभा. जीभ उचलेना."

टाकीमागे मिसरी नव्हती. जेवणाला लागायची तशीच त्यांनी रडायलाही पाळी लावली होती.

"पोर कशी शे?" तिने विचारलं.

काय सांगणार होते मी. पोरीला चष्मा लागलाय. पोर दुसऱ्यांच्या पोरांवर पहारा करते. पोर तुझ्यावर रागावून बसली होती.

"चांगली शे," मी म्हणाले.

"तिना पेपर सरनात का?"

"सरनात."

तिने माझं मनगट सोडलं आणि हात दोनदा थोपटला, काम झालं म्हणून सांगावं तसा. "मंग आते रडू दे तिले," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

सून चहा घेऊन आली तेव्हा मी खाटेच्या कडेला डोकं टेकून रडत होते. तिने कप खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.